परक्या नौकेचा खर्डा

बालाघाटात बसून समुद्रप्रवासाचा बेत आखणाऱ्या मनुष्याकडे शेजारीपाजारी ज्या नजरेने पाहतात तीत उपहासापेक्षा अनुकंपेचाच अंश अधिक असतो, आणि त्यात त्यांचा काही दोष आहे असेही मला वाटत नाही. सातपुड्याच्या आश्रयाला, सालाच्या आणि बांबूच्या रानांनी वेढलेल्या, धान आणि मँगनीज यांवर पोसलेल्या या जिल्ह्याचा समुद्राशी संबंध येतो तो मुख्यतः एका वाटेने, आणि ती वाट वैनगंगेची. सिवनी जिल्ह्यातील मुंडारा या गावी उगम पावलेली ही नदी बालाघाटावरून भंडाऱ्याकडे उतरते, पुढे वर्धेला भेटून प्राणहिता हे नाव धारण करते, प्राणहिता गोदावरीत विलीन होते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आमच्या घाटावरून कोणी कार्तिकात दिवा सोडला आणि तो दैववशात् बुडाला नाही, तर तो जायचा राजमहेंद्रीच्या बाजूला. माझे चित्त मात्र यंदाच्या श्रावणापासून पणजी ते मुंबई या पश्चिम किनाऱ्यावर गुंतून पडले आहे.

त्याला निमित्त झाला एक जुना मित्र. विद्यार्थिदशेत मुंबईस असताना आम्ही दोघांनी एकाच होडीवर शीड उभारण्याचे आणि उतरवण्याचे धडे घेतले. पुढे तो मुंबईतच राहिला आणि समुद्राशी संबंध राखून राहिला. मी जमीनबंदोबस्त आणि मोजणी यांच्या दप्तरात शिरून इकडे आलो, आणि मोजणीची जरीब, गावच्या नकाशाचा शिजरा, शेतवार नोंदींचा खसरा यांच्या सहवासात माझी सारी नोकरी पार पडली. त्याने यंदा मांडवीच्या काठी एक जुनी शिडाची नौका विकत घेतली. तीस फुटांची, एका डोलकाठीची, फायबरच्या अंगाची ही नौका पावसाळ्यासाठी जमिनीवर ओढून शाकारून ठेवलेली होती. दसऱ्यानंतर ती पाण्यात उतरवावी आणि दिवाळीच्या आत किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईस न्यावी असा त्याचा मनोदय. "अरे, तू कागदाचा माणूस, तेव्हा प्रवासाचा खर्डा तू कर, चालवण्याचे आपण दोघे मिळून पाहू," असे सांगून त्याने दूरध्वनी ठेवला. नौका मी पाहिलेली नाही. त्याने पाहिली आहे, परंतु झापांच्या आच्छादनाखाली, कोरड्या भूमीवर, म्हणजे ज्या अवस्थेत नौकेचा स्वभाव मुळीच प्रकट होत नाही अशा अवस्थेत.

समुद्रापासून इतक्या अंतरावर बसून असे काम करणे ज्यांना हास्यास्पद वाटते त्यांनी देहरादूनचे स्मरण करावे. भारतीय नौदलाचे जलमापन कार्यालय १९५४ सालापासून त्या हिमालयाच्या पायथ्याच्या गावी नांदत आहे. कच्छपासून कन्याकुमारीपर्यंत आणि तेथून सुंदरबनापर्यंत प्रत्येक खाडीच्या मुखाशी पाणी किती, खडक कोठे, गाळ कोणत्या जातीचा, याचा अधिकृत दाखला तेथून निघतो. भरती-ओहोटीची वार्षिक कोष्टकेही भारतीय सर्वेक्षण खात्याची तेथलीच कचेरी सिद्ध करते. ज्या गावात खाऱ्या वाऱ्याची झुळूक कधी पोचली नाही तेथे बसून जर साऱ्या देशाचा समुद्र कागदावर उतरवता येतो, तर बालाघाटच्या ओसरीवर बसून त्यातील एक पट्टी वाचण्यास काही हरकत नसावी.

आणि ही पट्टी वाचण्यात, आयुष्यभर जमिनीची मोजणी केलेल्या मनुष्याला एक वेगळाच आनंद आहे. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, हे प्रमाण पृथ्वीच्या आकारातूनच निघालेले असल्यामुळे, आणि कोकणचा किनारा जवळजवळ दक्षिणोत्तर पसरलेला असल्यामुळे, येथे अंतर काढण्यास ना जरीब लागते ना कंपास. पणजी साडेपंधरा अंशांवर, मुंबई बंदर अठरा अंश पंचावन्न कलांवर. वजाबाकी केली की २०५ कला, म्हणजेच २०५ मैल हाती येतात, आणि किनाऱ्याची वळणे व खडकांना द्यावयाचा फेर जमेस धरला तर सव्वादोनशेच्या पुढेमागे हिशेब मिटतो. शेताच्या बांधावरून दोन भावांत चाललेल्या भांडणात एका हाताचे अंतर ठरवताना आम्हांला दिवस-दिवस उन्हात उभे राहावे लागे; येथे एका राज्यापासून दुसऱ्या राज्यापर्यंतचे अंतर तोंडी हिशेबात सुटते.

या किनाऱ्याच्या वाटेवर कागदाची वाण कधीच पडलेली नाही. आम्हांला जायचे आहे नेमकी तीच वाट, त्याच दिशेने आणि जवळजवळ त्याच ऋतूत, १५३८ सालच्या अखेरीस एक पोर्तुगीज सरदार गेला होता. जुआंव द कास्त्रो हे त्याचे नाव; पुढे तो गोव्याचा गव्हर्नर झाला आणि १५४८ साली तेथेच वारला. १५३८ साली मात्र तो नव्या व्हाइसरॉयच्या आरमाराबरोबर दीवच्या मदतीस निघालेला एक चौकस प्रवासी होता. लढाईस निघालेल्या मनुष्याने वाटेत काय करावे याविषयी त्याच्या कल्पना लोकविलक्षण होत्या. गोव्यापासून दीवपर्यंत लागणारी मुखे, बारे, बेटे आणि नांगरवाडे यांचे वर्णन, पाण्याच्या खोलीसकट आणि चित्रांसकट, त्याने लिहून काढले. त्याच प्रवासवर्षात, हिंदुस्थानात पोचण्यापूर्वीच, त्याच्या ध्यानात आले होते की, होकायंत्राची सुई केवळ उत्तरेचे ऐकत नाही. जहाजावरील तोफेचे लोखंड जवळ आले की ती त्याचेही ऐकते. आमच्या नौकेवर तोफ नाही, परंतु डिझेलचे इंजिन आहे, नांगराची साखळी आहे, आणि पूर्वीच्या मालकाने हौसेने बसवलेले गाणी ऐकण्याचे यंत्र नेमके होकायंत्राच्या शेजारी आहे, असे मित्राच्या बोलण्यातून निष्पन्न झाले. कास्त्रोच्या स्मरणार्थ ते यंत्र मी खर्ड्यातून आणि नौकेवरून बडतर्फ केले.

भरतीचा हिशेब करण्यास तर देहरादूनपर्यंतही जावे लागत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेले पंचांग पुरते. मुंबईकडचे दर्यावर्दी पिढ्यान्‌पिढ्या जी रीत वापरत आले ती अशी की, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. शुद्ध पक्ष असो की वद्य, सकाळ असो की संध्याकाळ, हिशेब तोच. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून गोव्यासाठी सुमारे तासभर वजा करावा. या गणिताची गोडी मला इतकी लागली की, एकादशीला साबुदाणा भिजत घालणाऱ्या माझ्या कुटुंबाला मी मुंबईची भरती सांगू लागलो. "अहो, तुमच्या त्या भरतीने आपल्या नळाला पाणी येणार आहे का?" एवढेच त्यावर उत्तर आले.

परंतु याच पाऊणपटीतून आमच्या प्रस्थानाची तिथी निघाली, आणि ती किती सर्वांगांनी जुळून यावी याचे मला अजूनही कौतुक वाटते. आश्विन वद्य अष्टमीला मांडवीच्या मुखाशी पहाटे पाचच्या सुमारास पाणी पुरे भरलेले असणार. आग्वादच्या पायथ्याशी जो वाळूचा बार आहे, ज्याच्यामुळे पावसाळाभर ते मुख वाहतुकीला बंद ठेवतात, त्यावर त्या वेळी पाणी सर्वांत खोल आणि प्रवाह सर्वांत मंद. ओहोटीला जोर चढल्यावर निघावे तर नदीचे उतरते पाणी आणि समुद्राची येती लाट यांची त्या उथळावर झोंबाझोंबी लागते. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो, म्हणजे पहाटे तो माथ्यावर. अंधारात बोये शोधावे लागणार नाहीत. दिवस भांगाचे, म्हणजे पाण्याची ओढ बेताची. आणि संध्याकाळची भरती पाच-सहाला पुरी होणार असल्यामुळे, दुपारी तीनच्या सुमारास आम्ही ज्या खाडीत शिरू तेथे पाणी चढते असणार. चढत्या पाण्यात नौका रुतली तर थोड्या वेळाने आपोआप सुटते, उतरत्या पाण्यात रुतली तर रात्र तेथेच कलंडून काढावी लागते.

तिथीला पूरक असा वाराही तेव्हाच असतो. शरदात आकाश निवळले की रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र ऊब धरून राहतो, आणि उत्तररात्री वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहू लागतो, हाच मतलई. दुपारी जमीन तापली की उलट क्रम सुरू होतो आणि वायव्येकडून खारा वारा येतो. उत्तरेकडे जाणाऱ्याला मतलई कुशीवर घेता येतो, म्हणून तो मित्र. वायव्येचा खारा वारा तोंडावर येतो, म्हणून तो प्रतिपक्ष. १६६५ सालच्या फेब्रुवारीत शिवाजीमहाराज मालवणाहून पंच्याऐंशी लहान आणि तीन मोठी जहाजे घेऊन बसरूरवर गेले. जाताना वारा पाठीशी होता, परतताना याच वायव्येच्या वाऱ्याने त्यांचे आरमार कित्येक दिवस खोळंबून राहिले असे इतिहासकार सांगतात. स्वतः समुद्रमार्गे स्वारीस जाण्याचा तो त्यांचा एकमेव प्रसंग. ज्या वाऱ्यापुढे त्या पुरुषाला थांबावे लागले त्याच्याशी तीस फुटांच्या नौकेने हुज्जत घालू नये, म्हणून खर्ड्यात रोजचा प्रवास पहाटे सुरू होतो आणि दुपारच्या वाऱ्याला पुरते बळ चढण्याच्या सुमारास संपतो. मित्राला यात पुरुषार्थ कमी दिसला. मला वाटते, मराठ्यांचे आरमार शतकभर टिकले ते रोज सायंकाळी कोणत्या ना कोणत्या किल्ल्याच्या आश्रयाला येत होते म्हणूनच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे जे प्रकरण आहे त्यात पावसाळ्यात गलबते कोणत्या जागी ठेवावीत, रयतेची आंब्या-फणसाची झाडे परस्पर तोडू नयेत, इतक्या बारीक गोष्टींची तजवीज आहे. नुसत्या शौर्याच्या भरवशावर समुद्रावर जाणाऱ्यांचे ते लिखाण नव्हे.

शरद ऋतूची स्तुती संस्कृत कवींनी इतकी केली आहे की, त्याच्याविषयी मनात किंतु धरणे अरसिकपणाचे वाटते. आमच्याकडे तर तो खरोखरच वर्षातील सर्वांत सुंदर काळ: वैनगंगेचा गढूळपणा बसतो, चिन्नोर धानाला लोंब्या धरतात, आणि सकाळी रानावर विरळ धुके असते. परंतु कवींनी शरद पाहिला तो सरोवरांच्या आणि नद्यांच्या काठी. अरबी समुद्राला वादळांचे दोन हंगाम आहेत, एक पावसाच्या तोंडावर आणि दुसरा पाऊस परतल्यावर, आणि हा दुसरा हंगाम कवींच्या निर्मल शरदाशी तंतोतंत जुळतो. २००९ च्या नोव्हेंबरात फयान नावाचे वादळ दक्षिणेकडून दोन-तीन दिवसांत वर सरकले आणि ११ तारखेला अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले. रत्नागिरीच्या बाजूचे मासेमारीस गेलेले अनेक लोक परत आले नाहीत. २०१९ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, क्यार रत्नागिरीसमोरच्या समुद्रात वाढले आणि अतिप्रचंड रूप धारण करून पश्चिमेकडे निघून गेले. म्हणून खर्ड्याचा एक नियम असा की, लक्षद्वीपाच्या बाजूला कमी दाबाचे क्षेत्र असल्याची नुसती वर्दी हवामान खात्याने दिली तरी आम्ही जेथे असू तेथून जवळच्या भरवशाच्या खाडीत शिरायचे, आणि वादळ आपल्याकडे येणार की ओमानकडे जाणार याची चर्चा आत नांगर टाकल्यावर करायची. विजयदुर्ग, जयगड आणि राजपुरीची खाडी ही अशी तीन ठिकाणे. मुंबईहून १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट बंदराच्या इतक्या जवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, हे ज्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे त्यांना जवळच्या किनाऱ्याचे फसवे आश्वासन समजावून सांगावे लागत नाही.

येथपर्यंत काम सुरळीत चालले. किनारा, भरती, वारा, वादळ, या सर्वांना दप्तर होते. जेथे नोंद आहे तेथे माझ्यासारखा मनुष्य वाट काढतोच. अडचण आली ती नौकेपाशी. ज्या गावाचा शिजरा नाही, खसरा नाही, जुन्या नोंदींची मिसल नाही, अशा गावाचा बंदोबस्त करण्याची वेळ यावी तशी माझी अवस्था झाली. विक्रीच्या कागदावर तिची लांबी होती, रुंदी होती, बांधणीचे साल होते. परंतु तिचे पाण्याखालचे अंग किती, याबद्दल कागद साडेचार फूट म्हणत होता आणि मित्र "पाच असेल" असे म्हणत होता. घरात बसलेल्या मनुष्याला हा अर्धा फूट क्षुल्लक वाटेल. मालवणच्या खडकांत किंवा दाभोळच्या वाळूवर तोच अर्धा फूट प्रवास आणि अपघात यांमधली हद्द ठरवतो. मी कागदाला दूर सारून साडेपाच फूट धरले. कारण पाण्याच्या टाक्या, डिझेल, धान्य, दोन प्रौढ माणसे आणि मित्राचा पुस्तकांचा संग्रह चढल्यावर ती किती बसेल हे विकणाऱ्याने मोजलेले नसते.

मग प्रश्नांची यादी वाढत गेली. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा किती जुन्या आहेत? अंगाला आरपार छिद्रे किती, आणि ती बंद करण्याच्या तोट्या हाताने फिरतात की गंजून बसल्या आहेत? आत शिरलेले पाणी उपसण्याचा पंप विजेवरचा असेल तर हाताचा दुसरा आहे काय? नांगराचे वजन किती, साखळी किती हात? खाडीच्या चिखलात जो नांगर रुततो तोच वेंगुर्ल्याच्या कठीण वाळूवर फरफटत जातो. शीड लहान करण्याची व्यवस्था कशी आहे, आणि ती अंधारात, हलत्या पाण्यात, एकट्याने करता येते का? मित्र काही प्रश्नांची उत्तरे देई, काहींना "ते पाहू तेव्हा पाहू" असे म्हणे, आणि काही प्रश्न ऐकून त्याला राग येई. स्वतः निवडलेल्या वस्तूविषयी परक्याने चौकशा कराव्यात हे कोणालाच रुचत नाही. मी मात्र दप्तराच्या सवयीने प्रत्येक अनुत्तरित प्रश्नापुढे सर्वांत वाईट उत्तर गृहीत धरून लिहीत गेलो. तोटी बसली आहे, पंप बंद आहे, नांगर हलका आहे, इंजिन आडवेळी थांबेल. अशा सर्व दोषांनी युक्त नौका जेथपर्यंत सुखरूप जाऊ शकेल तेवढीच रोजची मजल, असे ठरवल्यावर चाळीस मैलांपेक्षा मोठा टप्पा खर्ड्यात उरलाच नाही.

या चौकशीतली सर्वांत मोलाची भर मात्र वैनगंगेच्या काठावरून पडली. तेथे आपला डोंगा दुरुस्त करीत बसलेल्या एका ढिवराला, गप्पांच्या ओघात, मी माझ्या विवंचनेची हकिकत सांगितली. समुद्र त्याने पाहिलेला नाही आणि पाहण्याची त्याला इच्छाही दिसली नाही. त्याने हातातले काम न थांबवता एवढेच विचारले, "भाऊ, मागच्या साली ती नाव कोण चालवत होता?" मालक नव्हे, चालवणारा. सारे कागद धुंडाळताना हा प्रश्न मला किंवा माझ्या मित्राला सुचलेला नव्हता. त्याच रात्री मी दूरध्वनी केला. मित्राने गोव्यात शोध घेतला, आणि पूर्वीच्या मालकाच्या पदरी असलेला, नौकेची देखभाल करणारा एक वयस्क खलाशी सापडला. विक्रीच्या व्यवहारात त्याला कोणी विचारले नव्हते, म्हणून तो बोलला नव्हता. विचारल्यावर त्याने जे सांगितले ते कोणत्याही कागदावर नव्हते. लाटांनी नौका हलू लागली की डिझेलच्या टाकीच्या तळाचा गाळ वर येतो, गाळणी तुंबते आणि दोनेक तासांत इंजिन बसते. शांत खाडीत मात्र ते दिवसभर चालते. दुपारचा वारा वाढला की नौका तोंड वाऱ्याकडे फिरवायला पाहते, सुकाणू दोन्ही हातांनी धरावे लागते, म्हणून मोठे शीड वेळेआधीच अर्धे करावे. आणि उजव्या बाजूची एक खिडकी गळते, तिच्याखाली कोणी निजू नये.

नौकेची मिसल अशी एका माणसात साठवलेली होती. टाकी उघडून धुण्याचे काम मित्राने लगेच हाती घेतले, आणि तिच्या तळातून निघालेल्या काळ्या चिखलाचे छायाचित्र त्याने मला पाठवले तेव्हा त्या ढिवराला ते नेऊन दाखवल्यावाचून मला राहवले नाही. त्याने ते पाहिले, आणि त्याच्या डोंग्याला इंजिनच नसल्याबद्दल समाधान व्यक्त केले.

आता मुक्कामांविषयी. पहिला मुक्काम वेंगुर्ले, दुसरा देवगड, तिसरा रत्नागिरीचा मिऱ्याचा आसरा, मग जयगड, हर्णे, राजपुरीच्या खाडीत दिघी, आणि शेवटी मुंबई. या क्रमात मालवण नाही, याचे मला स्वतःला सर्वांत अधिक दुःख आहे. १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग पाण्यावरून पाहावा ही माझी इच्छा शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाइतकी जुनी आहे; परंतु तेथल्या बुडालेल्या खडकांच्या रांगांनी, ज्यांच्या बळावर ती जागा निवडली गेली, शत्रू आणि अनोळखी पाहुणा यांत भेद केल्याचे ऐकिवात नाही. माहितगार तांडेल बरोबर असता तर गोष्ट निराळी. आम्ही किल्ला बाहेरून, दुर्बिणीतून पाहू. हर्णे उघडा नांगरवाडा आहे, सुवर्णदुर्गाची आड वगळली तर वायव्येला तोंड करून बसलेला. तेथे फक्त निवांत हवेतच थांबायचे, नाहीतर जयगडलाच एक दिवस अधिक काढायचा. रात्रीचा प्रवास कोठेही नाही. दर्यात मैलच्या मैल जाळी पसरलेली असतात, त्यांच्या तरंगत्या खुणा दिवसा दिसतानाही डोळ्यांत तेल घालावे लागते. त्यांतले एखादे इंजिनाच्या पंख्याला गुंडाळले गेले तर नुकसान आमचे होईलच, पण ज्या कोळ्याचे ते जाळे त्याचे अधिक. शेवटच्या टप्प्यात खांदेरी बेटावरचे दीपगृह लागेल. ते १८६७ साली उभे राहिले, आणि त्याच साली भंडारा, मंडला, सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून आमचा बालाघाट जिल्हा घडवण्यास प्रारंभ झाला. या दोन घटनांत कसलाही कार्यकारणभाव नाही, हे मला ठाऊक आहे. तरी नकाशावर त्या बेटाभोवती मी पेन्सिलीने एक वर्तुळ काढून ठेवले आहे.

खरा वाद झाला तो दिवाळीवरून. वद्य अष्टमीला निघून सात मुक्काम करायचे, तर काही न बिघडता, कोठे न थांबता, चतुर्दशीला मुंबई गाठता येते, आणि लक्ष्मीपूजन घरी होते. मित्राच्या घरी तसे सांगूनही झाले होते. मी "दिवाळीच्या आत" हे शब्द खर्ड्यातून काढून टाकले. परक्या नौकेवर सर्वांत धोक्याची वस्तू म्हणजे कॅलेंडरावर घातलेली खूण, असे माझे मत आहे. जुन्या तारा आणि तुंबलेली गाळणी यांची बरोबरी तिच्याशी होत नाही, कारण त्या दुरुस्त करता येतात. शिवाय अमावास्या जवळ आली की पाऊणपटीचे गणित उलटते. भरती दुपारी बाराकडे सरकते, म्हणजे तीनच्या सुमारास खाडीत शिरताना पाणी उतरते असणार, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे ओढही जबर. त्यातून उत्तरेकडे जावे तसतसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. म्हणून अडखळत गेलो तर दाभोळ, बाणकोट अशा वाळूच्या बाराच्या खाड्यांकडे पाहायचेच नाही. दिवाळी जयगडला आली तर जयगडला. मित्र दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या पत्नीचा दूरध्वनी आला, "भावजी, फराळाचा डबा गोव्यालाच पाठवते, म्हणजे तुम्ही दोघे कुठेही अडकलात तरी चिंता नको." प्रश्न एका वाक्यात निकालात निघाला.

त्यापुढचे कलम मीच घातले आणि त्यावर मात्र मित्राने हरकत घेतली नाही. पंचमी आणि षष्ठी हे दोन दिवस नौका आग्वादच्या आत, मांडवीतच चालवायची. नांगर टाकायचा, काढायचा, पुन्हा टाकायचा. शीड अर्धे करायचे आणि पुन्हा पुरे करायचे, आधी उजेडात आणि मग डोळे मिटून. इंजिन बंद पडले असे समजून शिडावरच धक्क्याला लागायचे. किनाऱ्यावरच्या दोन पक्क्या खुणा एका रेषेत धरून होकायंत्राची सुई किती अंशांनी खोटे बोलते ते लिहून काढायचे. तो वयस्क खलाशी येतो म्हणाला आहे. त्याने नुसते बसून पाहावे आणि बोलावे, सुकाणू आम्ही धरू. षष्ठीच्या संध्याकाळी तिघांपैकी एकाचेही मन साशंक राहिले तर नौका पुन्हा जमिनीवर चढेल आणि मुंबईचा विचार माघ-फाल्गुनात, नव्याने होईल.

मी गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईस जाणार आणि तेथून मित्राबरोबर गोव्याला. त्या गाड्यांची आरक्षणे झाली आहेत. परतीचे तिकीट मुंबईहून काढायचे, रत्नागिरीहून की मडगावहून, असे बालाघाटच्या खिडकीवरल्या कारकुनाने विचारले तेव्हा मी त्याला सांगितले की, ते षष्ठीनंतर कळेल.